दुखण्याच्या घरातलं धडधाकट लेकरू

सिकलसेलवर आम्ही या कार्यक्रमात याआधीही बोललो आहोत. तपासणी कुठे होते, रोजची गोळी का चुकवायची नाही, थंडीपावसात लेकराला कसं जपायचं, हे सांगून झालं. त्यानंतर एका बाईचा फोन आला. ती म्हणाली, "ताई, आजारी पोराचं सगळं सांगितलं तुम्ही. त्याच्या बहिणीचं काय करू? तिला काहीच झालेलं नाही, पण ती बोलायचीच बंद झाली आहे."

आजचा विषय त्या फोनमुळे घेतला. आम्ही म्हणजे गटातल्या बाया. आमच्यात दोन आशाताई आहेत, एक अंगणवाडीताई आहे, आणि तिघींच्या घरी सिकलसेलची लेकरं आहेत. त्यामुळे आज जे सांगू ते थोडं शिकलेलं आणि बरंचसं घरात पाहिलेलं असेल.

आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागात आणि तिकडे नंदुरबारकडे सिकलसेल काही नवा नाही. गावात एखादं तरी घर असतंच. त्या घरात काय चालतं ते आठवून पाहा. मुलाचं अंग दुखायला लागलं की आई सगळं टाकून त्याच्यापाशी बसते. बाप गाडी बघायला धावतो. आजी पाणी गरम करते. आणि त्याच घरात एक आठ-दहा वर्षांची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी असते. तिला कोणी "जेवलीस का" विचारत नाही. विचारलं तर एवढंच, "गुंडी भरली का? शेळ्या बांधल्या का?" रात्री भाऊ कण्हत असतो आणि ती गोधडी डोक्यावरून घेऊन पडलेली असते. ती झोपलेली नसते, पण सगळ्यांना वाटतं की झोपली.

आईचा यात दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला दुखतंय त्याच्याकडे आई धावणारच. तिला दोनच हात आहेत. पण लेकरू असा हिशेब करत नाही.

मग ते कसा हिशेब करतं? आम्ही लेकरांशी बोललो. अंगणवाडीच्या ओट्यावर, बोरं खाता खाता, सहज. समोर बसवून प्रश्न विचारले असते तर कोणी तोंड उघडलं नसतं. एक मुलगा म्हणाला, "मी त्याला तळ्यात ढकललं होतं, म्हणून त्याला दुखलं." ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची होती. दोन वर्षं ते पोर मनात धरून बसलं होतं. एक मुलगी म्हणाली, "मलाबी दुखावं असं वाटते." का गं? तर म्हणे, "दुखलं की आई जवळ घेते, बिस्किटाचा पुडा भेटते." एका चौदा वर्षांच्या पोरीने खूप वेळ काही सांगितलं नाही. शेवटी हळूच विचारलं, "मले बी होईल का?"

अपराध, हेवा आणि भीती. तिन्ही एकाच लेकराच्या मनात एकाच दिवशी असू शकतात. हेवा वाटला म्हणून ते लेकरू वाईट ठरत नाही. "भाऊ एवढा आजारी आणि तुला बिस्किटाची पडली?" असं आपण बोलून जातो. त्यानंतर ते बोलणं थांबवतं. आपल्याला वाटतं पोरगी शहाणी झाली.

या शहाण्या पोरींची आम्हाला जास्त काळजी वाटते. जे लेकरू भांडतं, आदळआपट करतं, त्याच्याकडे निदान लक्ष तरी जातं. जी काही मागत नाही, पहाटे उठून चूल पेटवते, भावाची गोळी वेळेवर देते, तिचं सगळं गाव कौतुक करतं. "पोरगी आईची आई झाली" म्हणतात. नवव्या वर्षी आईची आई व्हायला लागणं कौतुकाचं आहे का, हा विचार आपण बायांनीच करायला हवा.

आता काय करायचं ते बोलू. पहिलं म्हणजे लेकराला खरं सांगायचं. आपल्याला वाटतं, लहान आहे, त्याला काय कळतं. पण घरात काहीतरी बिघडलंय हे त्याला कळलेलंच असतं. काय बिघडलंय ते माहीत नसलं की ते स्वतःच्या मनाने काहीतरी जुळवतं, आणि ते बहुतेक खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

सिकलसेल समजावणं आपल्याला तर सोपं आहे. सिकल म्हणजे विळा. विळा कोणत्या लेकराने पाहिला नाही? त्याला सांगा, आपल्या रक्तात बारीक बारीक गोल पेशी असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्या मऊ असतात, कुठूनही सरकत जातात. दादाच्या रक्तातल्या काही पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. बांधीत पाणी सोडताना पाटात काडीकचरा अडकला की पुढे पाणी जात नाही, तसं त्या पेशी अडकल्या की पुढच्या भागाला रक्त कमी पडतं आणि तिथे फार दुखतं. म्हणून त्याला भरपूर पाणी प्यायला देतो, ऊब देतो, थंड पाण्यात उतरू देत नाही. लेकराला एवढं पुरतं. मोठ्या मुलांना पुढचं सांगता येतं.

त्याबरोबर तीन गोष्टी तोंडाने, स्पष्ट बोलून सांगायच्या. लेकराला त्या आपोआप कळतील असं धरून चालू नका. तुझ्यामुळे हे झालं नाही, तो जन्मतःच हे घेऊन आला आहे. एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने हे लागत नाही. आणि तुला राग आला, कंटाळा आला तरी चालेल, मला येऊन सांग. ही तिसरी गोष्ट सांगताना आमच्यातल्या एकीला रडू आलं होतं. लेकराने तिचे डोळे पुसले. असंही होतं.

"मले बी होईल का?" या प्रश्नाला मात्र नुसत्या धीराने उत्तर मिळत नाही, तपासणीने मिळतं. सिकलसेल आईबापाकडून येतो. आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर दर बाळंतपणात चारातली एक शक्यता असते की बाळाला आजार असेल, चारातल्या दोन शक्यता की ते वाहक असेल, आणि एक शक्यता की काहीच नसेल. हा हिशेब प्रत्येक बाळाला पहिल्यापासून. "एकाला झालं, आता दुसऱ्याला होत नाही" ही समजूत चुकीची आहे. म्हणून घरात एक रुग्ण निघाला की त्याच्या सगळ्या भावाबहिणींची तपासणी झाली पाहिजे, पाळण्यातल्या बाळापासून लग्नाच्या पोरीपर्यंत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची साधी चाचणी फसवी निघू शकते, तेव्हा त्याचं डॉक्टरांना विचारा. बाळाची हातापायाची बोटं सुजली तर लगेच दाखवा.

बोटाच्या रक्ताचा थेंब घेऊन पहिली चाचणी होते आणि त्यात काही निघालं तर पुढची पक्की चाचणी करतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालं. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायची आहे. ती फुकट आहे. उपकेंद्रात किंवा आशाताईला विचारा.

वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे लेकराला दहादा सांगावं लागतं, कारण गावात दोन्ही एकच समजतात. वाहक पोरगी शाळेत धावते, शेतात राबते, तिला रोजची गोळी लागत नाही. तिने एवढंच लक्षात ठेवायचं की लग्न ठरवताना मुलाचीही तपासणी व्हावी. कारण दोघं वाहक असले तर तोच चारांचा हिशेब तिच्या पोटच्या लेकरांना लागतो.

इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं, कारण घरोघरी गोष्ट इथेच अडते. बहिणीचं लग्न जमावं म्हणून भावाचा आजार लपवतात. पाहुणे येणार म्हटलं की त्या मुलाला मामाकडे पाठवतात. त्याचं कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाला जातं. तो मुलगा काय समजतो? आपण घराचा डाग आहोत. आणि बहीण काय समजते? आपलं लग्न भावाला लपवून झालं. दोघांनाही ते जन्मभर टोचत राहतं. आमच्या ओळखीची एक पोरगी पाहुण्यांसमोर म्हणाली, "माझ्या भावाला सिकलसेल आहे, मी वाहक आहे, तुम्ही तुमच्या मुलाची तपासणी करून या." ते पाहुणे परत आले नाहीत. वर्षभराने दुसरे आले, ते तपासणीचा कागद घेऊनच आले. प्रत्येकीचं असंच होईल असं आम्ही सांगू शकत नाही. पण गावात सगळ्यांनीच तपासणी केली तर एकट्या पोरीवर हे बोलण्याची वेळ येणार नाही. हे काम गटाचं आहे, ते त्या पोरीच्या अंगावर टाकू नका.

आता घरातलं काम. सिकलसेलच्या लेकराला थंडी, तहान, ताप आणि दमणूक सोसत नाही, म्हणून आपण त्याला सगळीच कामं माफ करतो. ती सगळी कामं धडधाकट भावंडाच्या डोक्यावर जातात. आम्हाला हे दोघांच्याही हिताचं वाटत नाही. आजारी लेकरू चिखलात रोवणी करू शकणार नाही, पहाटे गार पाण्यात हात घालणार नाही, हे बरोबर. पण ज्या दिवशी त्याला बरं आहे त्या दिवशी ते तांदूळ निवडू शकतं, कपड्यांच्या घड्या घालू शकतं, लहानग्याचा अभ्यास घेऊ शकतं. त्यालाही आपण कामाचे आहोत असं वाटतं, आणि बहिणीला घरात न्याय आहे असं दिसतं. तसंच भांडणाचं. त्याने तिची वही फाडली तर तो आजारी आहे म्हणून तिनेच गप्प बसायचं, असं करू नका. दुखत नसेल त्या दिवशी त्यालाही रागवा.

एका गोष्टीवर आम्ही गटात बराच वाद घातला. भावंडाला आजाराच्या खुणा शिकवाव्या की नाही? काही जणी म्हणाल्या, लहान जिवावर ओझं कशाला. पण तेंदूपत्त्याच्या दिवसांत, मोहफुलं वेचायच्या दिवसांत आईबाप पहाटेच रानात जातात. घरी लेकरंच असतात. म्हणून आम्ही ठरवलं, शिकवायचं, पण जबाबदारी मोठ्या माणसाची ठेवायची. लेकराला सांगायचं: दादाला ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली, एकदम पांढराफटक पडला, पोट फुगलं, तोंड वाकडं झालं, हातपाय उचलेना किंवा बोलताना जीभ अडखळायला लागली, तर शेजारच्या काकीला हाक मार. काकी 108 ला फोन करेल. पुढचं काम काकीचं. सिकलसेलच्या लेकराचा ताप घरी थांबवून ठेवायचा नसतो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे काकीलाही माहीत असायला हवं. आणि नंतर काहीही झालं तरी "तुझं लक्ष कुठे होतं?" हे वाक्य त्या लेकराला कधीच ऐकवायचं नाही.

दवाखान्याचे दिवस सगळ्यात कठीण. आई जिल्ह्याच्या दवाखान्यात आठ-आठ दिवस अडकते. घरी राहिलेलं लेकरू आज या घरी, उद्या त्या घरी. आमच्या गटाने यावर एक साधी व्यवस्था केली. बचतगटाच्या वहीच्या मागच्या पानावर ज्या घरांत आजारी लेकरू आहे त्या घरांतल्या दुसऱ्या लेकरांची नावं लिहिली. प्रत्येकाच्या नावापुढे एका बाईचं नाव. आई दवाखान्यात गेली की ती बाई त्या लेकराला रात्री आपल्या घरी झोपवते, वेणी घालून शाळेत पाठवते आणि संध्याकाळी आईला फोन लावून देते. बाई एकच, रोज नवी नाही. फोनवर आईने भावाचं सांगायच्या आधी लेकराला त्याच्या दिवसाबद्दल विचारायचं, असा आमचा नियम आहे. पैसा लागत नाही. एक ताट वाढतं, ते वाढायला कोणी नाही म्हणालेलं नाही. एकदा एका सासूने कुरकुर केली होती. तिला आम्ही त्या मुलीच्या हातची भाकर खाऊ घातली, मग ती निवळली.

निघताना लेकराला न सांगता जाऊ नका. रात्री गाडी आली आणि लेकरू झोपेत असलं तरी उठवून सांगा. सकाळी उठून रिकामं अंथरूण बघणं फार वाईट. परत कधी येणार ते माहीत नसेल तर "उद्या येतो" असं खोटं सांगू नका. "मला माहीत नाही, पण रोज संध्याकाळी फोन करीन" म्हणा, आणि करा.

काही घरांत एवढं झेपत नाही म्हणून धडधाकट लेकराला आश्रमशाळेत टाकतात. आश्रमशाळेत शिकण्यात वाईट काही नाही, आमच्यातल्या कितीतरी जणी तिथेच शिकल्या. पण भावाला घरी ठेवलं आणि मला बाहेर काढलं, असं त्याच्या मनात बसतं. त्याला का पाठवतोय हे बोला. भेटायचा वार ठरवा आणि तो पाळा. सुट्टीत घरी आलं की पहिल्याच दिवशी कामाला जुंपू नका.

वडिलांबद्दलही बोललं पाहिजे. आजारी लेकराचं आई बघते, मग दुसऱ्याचं कोणी बघायचं? वडिलांनी. बाजाराला जाताना त्याला सायकलवर पुढे बसवून नेणं, बंधाऱ्यावर मासे धरायला सोबत नेणं, याला पैसे पडत नाहीत. आम्ही गटातल्या बायांना सांगितलं होतं की आठवड्यातून एकदा अर्धा तास फक्त त्या लेकरासाठी काढा, आईने किंवा बापाने, आणि त्या अर्ध्या तासात भावाचा विषय काढायचा नाही. पुढच्या बैठकीत विचारलं. एक म्हणाली, "आम्ही दोघी नदीवर नुसत्या बसलो. ती एवढं बोलली, मला तिच्या मैत्रिणींची नावंसुद्धा माहीत नव्हती."

शाळेच्या गुरुजींना घरचं माहीत असू द्या. रात्रभर जागलेलं लेकरू वर्गात डुलक्या घेतं आणि मार खातं. एकदा शाळेत जाऊन सांगितलं तर बहुतेक गुरुजी समजून घेतात. पोरीचं नाव शाळेतून काढायची गोष्ट घरात निघाली तर मात्र गटाने दारात जाऊन बसावं. सातवी-आठवीत पोरगी घरी बसवली की ती परत शाळेत जात नाही, हे आपण आपल्याच गावात पाहिलं आहे. घरचा खर्च परवडत नाही हे कारण असेल तर सवलती तपासा. 2016 च्या अपंगांच्या कायद्यात सिकलसेल धरलेला आहे, प्रमाणपत्र मिळतं का ते जिल्हा रुग्णालयात विचारा. रुग्णाला एसटीची सवलतही आहे. तिथे जे चार पैसे वाचतील ते या दुसऱ्या लेकराच्या वह्यांना लागू शकतात.

आणि एक अवघड गोष्ट. कधी कधी आजारी लेकरू जातं. आता औषधं आहेत, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीने बऱ्याच लेकरांचं दुखणं कमी झालं आहे, तरी कधी असं होतं. तेव्हा मागे राहिलेल्या लेकराला "तो झोपला" असं सांगू नका. मग ते रात्री डोळे मिटायला घाबरतं. तो वारला, आता परत येणार नाही, त्याला आता दुखत नाही, एवढं सरळ सांगा. रडणाऱ्या माणसांपासून त्याला दूर पाठवू नका, जवळ बसू द्या. आणि "आता तूच आमचा आधार" हे वाक्य निदान त्या दिवसांत तरी नको.

लेकरू आतून खचलंय हे कशावरून ओळखायचं? अंथरुण ओलं करणं थांबलेलं होतं ते पुन्हा सुरू झालं. रोज शाळेच्या वेळेला पोट दुखतं. आवडीचं खाणं ठेवून उठतं. झोपेत दचकतं. मित्रांत जात नाही. एखाद-दोन दिवस असं झालं तर घाबरू नका. पण दोन-तीन आठवडे चाललं तर आशाताईला सांगा, ती उपकेंद्रात नेईल. पोटदुखी खरी असू शकते म्हणून डॉक्टरांना आधी अंग तपासू द्या, "नाटक करते" म्हणू नका. वयात आलेल्या मुलामुलींसाठी काही सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतं, तिथे एकट्याने बोलता येतं. आणि 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आईचं स्वतःचं मन जड झालं असेल तर तिनेही लावावा. लेकरू मरणाची भाषा बोललं तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी नंबर लावा, त्याला दवाखान्यात न्या आणि तोवर एकटं ठेवू नका.

नंबर पुन्हा सांगतो, लिहून घ्या: टेलिमानस 14416, गाडीसाठी 108. लिहिता येत नसेल तर घरातल्या त्या दुसऱ्या लेकराकडूनच लिहून घ्या, आणि लिहिताना त्याच्या शेजारी बसा. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर कोणाची नावं चढली ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी आमच्यातली अंगणवाडीताई हिवाळ्यात लेकरांना कोमट पाणी आणि गूळ-शेंगदाणे कसे पुरवायचे यावर बोलणार आहे.